आठ-बिट संगणकासाठी छोटं मल्टिटास्किंग कर्नेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ-बिट संगणकावर मल्टिटास्किंग खरोखर चालतं का?

चालतं, आणि हा आजचा शोध नाही. मल्टिटास्किंग म्हणजे एकाच प्रोसेसरने अनेक कामं (टास्क) आळीपाळीने चालवणं, आणि ही आलटापालट सांभाळणारा गाभ्याचा प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. डिजिटल रिसर्चने सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमची बहुवापरकर्ता आवृत्ती, म्हणजे एमपी/एम, १९७९ साली आणली. ती ८०८० आणि झेड८० या प्रोसेसरांवर चालायची. मायक्रोवेअरची ओएस-९ मुळात ६८०९ प्रोसेसरसाठी लिहिली गेली आणि टँडीच्या कलर कॉम्प्युटरसारख्या घरगुती यंत्रावरही तिने अनेक प्रोसेस एका वेळी चालवल्या. नंतरच्या काळात सिम्बओएसने अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी आणि एमएसएक्सवर खिडक्यांसकट मल्टिटास्किंग करून दाखवलं, फझिक्सने युनिक्सचा आटोपशीर अवतार झेड८० वर आणला आणि कंटिकी कमोडोर ६४ वर चालली.

यासाठी प्रोसेसरकडून दोनच गोष्टी लागतात : स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघेल अशी मेमरीतली चळत), आणि स्टॅक पॉइंटर (त्या चळतीचा माथा कुठे आहे ते सांगणारा आकडा) आपल्याला हवा तिथे हलवण्याची मुभा. ठराविक काळाने येणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसऱ्या रूटीनकडे वळवणारा इशारा) मिळाला तर फार सोय होते, पण तो नसला म्हणून काम अडत नाही.

कर्नेलमध्ये नेमकं काय काय असायला हवं?

टास्कची यादी, एका टास्कवरून दुसऱ्यावर जाणारं रूटीन, पुढचा टास्क निवडणारा शेड्यूलर, "इतक्या टिका झोप" म्हणायची सोय (टिक म्हणजे ठराविक काळाने येणाऱ्या इंटरप्टचा एक ठोका) आणि टास्कनी एकमेकांना निरोप देण्याचा एखादा मार्ग. एवढं सगळं असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट इन्स्ट्रक्शनच्या भाषेत) काहीशे बाइटमध्ये बसतं. फाइल सिस्टिम, खिडक्या, प्रोग्रॅम लोडर यांना पहिल्या आवृत्तीत हात लावू नका. त्या गोष्टी पुढे टास्क म्हणून किंवा साध्या लायब्ररी म्हणून वर रचता येतात.

टास्क बदलतो तेव्हा आत काय घडतं?

सगळा विषय या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एखादा टास्क "चालू" आहे म्हणजे प्रोसेसरच्या रजिस्टरांत (आतल्या छोट्या कप्प्यांत) त्याची मूल्यं आहेत, प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) त्याच्या कोडमध्ये आहे आणि स्टॅक पॉइंटर त्याच्या स्टॅकवर आहे. रजिस्टरं आणि परतीचा पत्ता त्याच्याच स्टॅकवर ठेवून दिले की त्याची सगळी अवस्था एका आकड्यात मावते, तो आकडा म्हणजे स्टॅक पॉइंटर. मग हा आकडा टास्कच्या नोंदीत लिहायचा, दुसऱ्या टास्कच्या नोंदीतला आकडा स्टॅक पॉइंटरमध्ये भरायचा आणि रजिस्टरं उलट क्रमाने काढून घेत परत फिरायचं. परत फिरताना प्रोसेसर वेगळ्याच टास्कमध्ये पोचतो, कारण परतीचा पत्ता त्या दुसऱ्या स्टॅकवरून आलेला असतो.

६५०२ या प्रोसेसरवर इंटरप्ट आला की प्रोसेसर स्वतः प्रोग्रॅम काउंटरचे दोन बाइट आणि फ्लॅगचा (प्रोसेसरची स्थिती सांगणाऱ्या बिटांचा) एक बाइट स्टॅकवर टाकतो. त्यात आपण ए, एक्स, वाय ही रजिस्टरं घातली की ६ बाइटची चौकट (टास्कची जपून ठेवलेली अवस्था) पूर्ण होते. टीएसएक्स या इन्स्ट्रक्शनने स्टॅक पॉइंटर एक्समध्ये घ्यायचा, टेबलात ठेवायचा, नवा उचलायचा, उलट काम करणारं टीएक्सएस करायचं. संपलं.

झेड८० इंटरप्टच्या वेळी फक्त परतीचा पत्ता टाकतो, बाकी सगळं आपल्यावर. एएफ, बीसी, डीई, एचएल, आयएक्स, आयवाय आणि पर्यायी संच (झेड८० मधली रजिस्टरांची दुसरी जोड) धरला तर चौकट २२ बाइटची होते. पर्यायी रजिस्टरं कुठलाच टास्क वापरणार नाही असं ठरवलं तर ती १४ वर येते. हा करार सुरुवातीलाच करून टाकावा असं माझं मत आहे.

६८०९ या बाबतीत फार देखणा आहे. आयआरक्यू (साधा इंटरप्ट) आल्यावर तो सगळी रजिस्टरं स्वतःच स्टॅकवर ठेवतो, १२ बाइट, आणि आरटीआय (इंटरप्टमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन) ती सगळी परत भरतो. आपल्या हाती फक्त एस रजिस्टर, म्हणजे स्टॅक पॉइंटर, बदलणं उरतं.

जो टास्क कधी चाललाच नाही, त्यावर "परत" कसं जायचं?

त्याच्या स्टॅकवर खोटी चौकट रचून. जणू तो आधी चालत होता आणि पहिल्या इन्स्ट्रक्शनच्या तोंडाशीच इंटरप्ट आला, असं दृश्य उभं करायचं. ६५०२ वर वरून खाली : सुरुवातीच्या पत्त्याचा वरचा बाइट, खालचा बाइट, फ्लॅगसाठी शून्य, मग ए, एक्स, वायसाठी काहीही. टास्कच्या नोंदीतला स्टॅक पॉइंटर वायच्या एक घर खाली. फ्लॅगमध्ये शून्य ठेवल्याने इंटरप्ट आपोआप खुले राहतात आणि दशमान फ्लॅगही बंद असतो.

इथे नवखे हमखास अडकतात ते एका पत्त्याच्या फरकामुळे. ६५०२ चं आरटीएस (साध्या रूटीनमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन) स्टॅकवरच्या पत्त्यात एक मिळवून उडी मारतं, आरटीआय तसं करत नाही. म्हणून आरटीआयने सुरू होणाऱ्या टास्कचा पत्ता जसाच्या तसा ठेवायचा, आरटीएसने सुरू होणाऱ्याचा एक वजा करून. चौकटीच्याही वर "टास्क संपला" या रूटीनचा पत्ता ठेवून द्या, म्हणजे टास्कचं काम संपून त्याने आरटीएस केलं तरी तो भलतीकडे न जाता कर्नेलकडे येईल. हा पत्ता अर्थातच एक वजा केलेला.

कोऑपरेटिव्ह करू की प्रीएम्प्टिव्ह?

आधी कोऑपरेटिव्ह. प्रत्येक टास्क सोयीच्या जागी "आता दुसऱ्याला चालू दे" म्हणून कर्नेलचं रूटीन बोलावतो. बदल कधी होणार हे कोडकडे पाहून कळतं, रजिस्टरांपैकी कुठली जपायची हे आपण ठरवू शकतो आणि सामायिक मेमरीची भानगड जवळजवळ मिटते. झेड८० वर फक्त आयएक्स, आयवाय जपायचे आणि बाकीची बोलावणाऱ्याने सांभाळायची असं ठरवलं तर बदल विलक्षण स्वस्त होतो.

प्रीएम्प्टिव्हची, म्हणजे टिक आली की कर्नेलने टास्क जबरीने थांबवण्याची, गरज तेव्हा, जेव्हा एखादा टास्क लांब गणित करत बसतो आणि दुसऱ्याला ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायचं असतं. तेव्हा एक पथ्य : टास्क स्वतःहून थांबो की टिकने थांबवला जावो, स्टॅकवरची चौकट एकसारखीच हवी. नाहीतर स्वेच्छेने थांबलेल्या टास्कला इंटरप्टच्या वाटेने जागं करताना बाइट सरकतात. झेड८० वर हे सोपं आहे, कारण आरएसटी (ठरलेल्या पत्त्यावरचं रूटीन बोलावणारी इन्स्ट्रक्शन) आणि इंटरप्ट दोन्ही फक्त परतीचा पत्ता टाकतात. ६५०२ वर स्वेच्छेने थांबण्यासाठी बीआरके, म्हणजे प्रोग्रॅममधूनच इंटरप्ट घडवणारी इन्स्ट्रक्शन, वापरा. तो आयआरक्यूसारखीच चौकट रचतो, त्याच वेक्टरवर (रूटीनचा पत्ता ठेवलेल्या जागेवर) जातो आणि स्टॅकवरच्या फ्लॅग-बाइटमधला बी बिट पाहून दोघांत फरक करता येतो. शिवाय बीआरके नंतरचा एक बाइट वगळून परत येतो. त्या बाइटमध्ये कर्नेल-सेवेचा क्रमांक ठेवला की सिस्टिम कॉलची पद्धत आयतीच तयार. मात्र मूळ एनएमओएस (जुन्या बनावटीच्या) ६५०२ वर बीआरके चालू असतानाच एनएमआय (बंद करता न येणारा इंटरप्ट) आला तर तो बीआरके हरवू शकतो. तुमच्या यंत्रावर एनएमआय वापरात असेल तर ही वाट टाळा.

६५०२ चा स्टॅक फक्त २५६ बाइटचा. त्यात अनेक टास्क कसे बसवायचे?

स्टॅक हेक्स (सोळा अंकांच्या आकडेपद्धतीत) ०१०० ते ०१एफएफ या २५६ बाइटच्या पानावर खिळलेला आहे, हलत नाही. दोन वाटा आहेत.

पहिली वाट : प्रत्येक बदलाला स्टॅक दुसरीकडे उतरवून ठेवायचा. साध्या लूपने एक बाइट हलवायला १४ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात. पूर्ण पान उतरवायचं आणि दुसरं चढवायचं म्हणजे ७,००० हून जास्त सायकल. १ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर सेकंदाला ६० टिका असतील तर एका टिकमध्ये साधारण १६,७०० सायकल मिळतात, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वेळ नुसत्या सामानाच्या हलवाहलवीत. फक्त वापरातला भाग, समजा ३० बाइट, हलवला तर खर्च पाच टक्क्यांवर येतो. तो परवडतो.

दुसरी वाट, आणि मी हीच सुचवेन : पानाचे तुकडे पाडायचे. चार टास्क, प्रत्येकी ६४ बाइट, माथे ०१एफएफ, ०१बीएफ, ०१७एफ आणि ०१३एफ. काहीच हलवावं लागत नाही. ६४ बाइट म्हणजे इंटरप्टची चौकट सोडून बऱ्यापैकी खोल जेएसआर (एका रूटीनमधून दुसरं बोलावणं). असेंब्लीत नीट लिहिलेल्या टास्कला ते पुरतात. पुनरावर्ती (स्वतःलाच बोलावणारी) रूटीन मात्र विसरा.

कमोडोर १२८ जवळ असेल तर गोष्ट वेगळी. तिचं एमएमयू (मेमरीची मांडणी सांभाळणारी चिप) झेरो पेज (मेमरीचे पहिले २५६ बाइट) आणि स्टॅकचं पान दोन्ही मेमरीत दुसरीकडे नेऊ शकतं. प्रत्येक टास्कला स्वतःचं पूर्ण पान मिळतं, तेही जवळजवळ फुकटात.

झेरो पेजचं काय?

तीच अडचण, पण तोडगा जास्त सोपा. प्रत्येक टास्कला झेरो पेजमधले ठरावीक बाइट नेमून द्या. कमोडोर ६४ वर बेसिक आणि रॉम दोन्ही जपायचे असतील तर बिनधास्त मोकळे म्हणता येतील असे पत्ते अवघे चार, २५१ ते २५४. बेसिक सोडून दिलं की २ ते १४३ हा पट्टा वापरता येतो आणि कर्नेल लिहिणाऱ्याने तो घ्यावाच.

टिक कुठून मिळवायची?

यंत्रागणिक उत्तर बदलतं.

झेडएक्स स्पेक्ट्रमवर व्हिडिओ चिप सेकंदाला ५० इंटरप्ट देते आणि इंटरप्ट मोड १ मध्ये प्रोसेसर रॉममधल्या हेक्स ३८ वर उडी मारतो. ती जागा आपल्याला बदलता येत नाही, म्हणून मोड २ वापरायचा. त्यात प्रोसेसर बसवरचा (चिपांना जोडणाऱ्या तारांवरचा) बाइट धरून आपल्या टेबलातून रूटीनचा पत्ता उचलतो. बसवर त्या क्षणी कुठला बाइट असेल याचा भरवसा नसल्याने एकाच मूल्याचं २५७ बाइटचं टेबल करतात. उदाहरणार्थ, हेक्स एफई०० पासून सगळीकडे एफडी, आणि एफडीएफडीवर आपल्या रूटीनकडे उडी. स्पेक्ट्रमचा हा इंटरप्ट फक्त ३२ टी-स्टेट (झेड८० च्या घड्याळाचे ठोके) टिकतो. तेवढ्यात इंटरप्ट बंद असतील तर ती टिक उशिरा येत नाही, ती गेलीच. घड्याळ मागे पडू लागलं तर आधी इथे बघा.

कमोडोर ६४ वर सीआयए चिपचा टायमर सेकंदाला सुमारे ६० वेळा आयआरक्यू देतो. रॉम ए, एक्स, वाय स्टॅकवर ठेवून हेक्स ०३१४ मधल्या वेक्टरमार्फत पुढे जातं, म्हणजे अर्धी चौकट आपल्याला तयार मिळते. वेक्टर आपल्याकडे वळवायचा, आत फक्त स्टॅक पॉइंटर बदलायचा आणि मूळ रूटीनकडे, ईए३१ वर, उडी मारायची. कीबोर्ड वाचणं, सीआयएला पोच देणं, रजिस्टरं परत भरणं आणि आरटीआय हे सगळं तेच करतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी प्रीएम्प्टिव्ह कर्नेलची चव घ्यायची असेल तर याहून छोटी वाट मला माहीत नाही.

बीबीसी मायक्रोवर १० मिलिसेकंदांची टिक आहे, एमएसएक्सवर व्हिडिओ चिपची ५० किंवा ६०, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसीवर चक्क ३००. मूळ अ‍ॅपल २ च्या बोर्डावर टायमर इंटरप्टच नाही. तिथे कोऑपरेटिव्ह करा, किंवा ६५२२ चिप असलेलं कार्ड लावा.

इतक्या वेळा टास्क बदलल्याने यंत्र मंदावत नाही का?

स्पेक्ट्रमचा हिशेब करू. दोन टिकांमध्ये ६९,८८८ टी-स्टेट असतात. पर्यायी रजिस्टरं सोडून सहाही जोड्या ठेवायला ७४ आणि काढायला ६८ टी-स्टेट लागतात. इंटरप्टचा प्रवेश, स्टॅक पॉइंटरची अदलाबदल आणि छोटा शेड्यूलर धरला तरी ३५० च्या आसपास. हा झाला अर्धा टक्का. दर टिकला टास्क बदलायलाच हवा असंही नाही, पण बदलला तरी झळ लागत नाही. वेळ खातो तो गचाळ शेड्यूलर. झोपलेल्या प्रत्येक टास्कचं सोळा-बिटी काउंटर दर टिकला कमी करत बसलात तर खर्च तिथे वाढतो.

शेड्यूलर किती हुशार असावा?

अजिबात नको. गोल फिरत पुढचा तयार टास्क घ्यावा. चार-सहा टास्कसाठी प्राधान्यक्रम लावायचाच तर टेबलाच्या सुरुवातीपासून शोधत यावं, आधी सापडेल तो आधी. मग वरच्या टास्कनी वेळेवर झोपणं हे तुमच्या शिस्तीवर.

कोणीच तयार नसेल तेव्हासाठी एक रिकामा टास्क कायम ठेवा. झेड८० वर त्यात फक्त हॉल्ट (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबणं) आणि परत उडी. ६५०२ वर स्वतःकडेच उडी मारणारा लूप. रिकामा टास्क ठेवला की "कोणी नाही" ही वेगळी शक्यता शेड्यूलरमध्ये हाताळावीच लागत नाही.

दोन टास्कनी एकच गोष्ट वापरली तर?

प्रीएम्प्टिव्ह कर्नेलमधला खरा त्रास हा आहे. बदल करणारं रूटीन एकदा चाललं की कायम चालतं. सामायिक गोष्टींमधली चूक मात्र दहा मिनिटं सगळं सुरळीत चालल्यावर उगवते.

आठ-बिटांवर एक बाइट लिहिणं मध्येच तुटत नाही, दोन बाइट लिहिणं नेहमीच नाही. ६५०२ वर सोळा-बिटी काउंटर दोन टप्प्यांत वाचावा लागतो आणि मधल्या फटीत इंटरप्टने तो वाढवला तर वाचणाऱ्याला भलताच आकडा मिळतो. त्यावर उपाय असा : वरचा बाइट वाचा, खालचा वाचा, वरचा पुन्हा वाचा, फरक पडला असेल तर पहिल्यापासून. झेड८० वर एचएल मेमरीत ठेवणारी एकच इन्स्ट्रक्शन आहे आणि इंटरप्ट इन्स्ट्रक्शनच्या मध्ये शिरत नाही, म्हणून ती सुरक्षित.

सामायिक गोष्ट एका वेळी एकाच टास्कला वापरू देणाऱ्या कुलपासाठी एक सुंदर युक्ती आहे. कुलपाचा बाइट १ असेल तर मोकळं. ६५०२ वर त्या बाइटवर एलएसआर (बिट एक घर उजवीकडे सरकवणं) करा. बिट कॅरी फ्लॅगमध्ये येतो आणि बाइट शून्य होतो, एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये. कॅरी १ तर कुलूप तुमचं, ० तर दुसऱ्याकडे आहे, वेळ सोडून द्या. सोडताना १ लिहायचं. झेड८० वर हेच काम एसआरएल करतं. इंटरप्ट बंद करायची गरजच नाही.

निरोपांसाठी गोल बफर घ्या, १६ बाइटचा, एक लिहिणारा आणि एक वाचणारा. लिहिण्याची जागा फक्त लिहिणारा हलवतो, वाचण्याची फक्त वाचणारा. दोन्ही जागा एकेका बाइटच्या असल्याने कुलूपही लागत नाही. कीबोर्डच्या इंटरप्टकडून टास्ककडे अक्षरं न्यायला हे पुरेसं आहे.

इंटरप्ट बंद करून काम भागवलं तर चालेल?

थोड्या वेळासाठी चालेल. ६५०२ वर पीएचपी (फ्लॅग स्टॅकवर), एसईआय (इंटरप्ट बंद), काम, पीएलपी (फ्लॅग परत). आधीची स्थिती जशी होती तशी परत येते. झेड८० वर आधीची स्थिती जाणून घ्यायला एलडी ए,आय ही इन्स्ट्रक्शन वापरतात, ती पॅरिटी फ्लॅगमध्ये कळते. पण जुन्या एनएमओएस झेड८० मध्ये एक दोष आहे : नेमका त्याच इन्स्ट्रक्शनच्या वेळी इंटरप्ट स्वीकारला गेला तर इंटरप्ट खुले असूनही बंद असल्याचं उत्तर मिळतं. म्हणून फ्लॅगवर विसंबू नका. कर्नेलमध्ये एक मोजणी ठेवा, आत शिरताना एक वाढवा, बाहेर पडताना एक कमी करा, शून्य झाली तरच ईआय (इंटरप्ट खुले करणं).

रॉममधली रूटीन्स टास्कमधून वापरता येतात का?

वापरता येतात, पण एका वेळी एकाच टास्कला. अक्षर छापणारं रूटीन कर्सरची जागा, रंग, अर्धवट अवस्था हे सगळं ठरलेल्या पत्त्यांवर ठेवतं. ते मध्येच थांबवून दुसऱ्या टास्कने तेच बोलावलं की पडद्यावर कचरा होतो किंवा यंत्र गोठतं. माझी पसंती अशी की छपाईसाठी स्वतंत्र टास्क ठेवावा, बाकीच्यांनी त्याच्या बफरमध्ये अक्षरं टाकावीत आणि रॉमला फक्त त्यानेच हात लावावा. स्पेक्ट्रमवर आणखी एक अट : रॉमला आयवायमध्ये २३६१० हवं असतं. रॉम वापरणाऱ्या टास्कने, आणि रॉमचा इंटरप्ट चालू ठेवला असेल तर कोणत्याच टास्कने, आयवायला हात लावू नये.

मेमरी संरक्षण नाही. एक टास्क बिघडला तर सगळे जातील ना?

हो. ते रोखता येत नाही, पण लवकर पकडता येतं. प्रत्येक स्टॅकच्या तळाशी ओळखीचा बाइट ठेवा आणि बदल करताना तो तपासा. बदललेला दिसला की बॉर्डर (पडद्याची कड) लाल करून तिथेच थांबा.

सी भाषेत लिहिता येईल का?

बदल करणारं रूटीन असेंब्लीतच लिहावं लागेल, बाकीचं सीमध्ये. सीसी६५ (६५०२ साठीचा सी कंपायलर) वापरत असाल तर लक्षात ठेवा की त्याचा स्वतःचा वेगळा सॉफ्टवेअर स्टॅक असतो आणि त्याचा पॉइंटर व तात्पुरती रजिस्टरं झेरो पेजवर असतात. तीही टास्कच्या अवस्थेत मोडतात, बदलाच्या वेळी जपली पाहिजेत. लोकल व्हेरिएबल स्थिर पत्त्यांवर ठेवण्याचा पर्याय वेग देतो, पण तेच फंक्शन दोन टास्कमधून बोलावलं की घात करतो. झेड८० साठी एसडीसीसी हा कंपायलर हार्डवेअरचाच स्टॅक वापरतो, त्यामुळे तिथे गोष्ट सरळ आहे.

चुका कशा शोधायच्या?

बॉर्डरचा रंग हे सर्वात भरवशाचं साधन. प्रत्येक टास्कला एक रंग द्या आणि बदलाच्या वेळी तो लावा : स्पेक्ट्रमवर पोर्ट २५४, कमोडोर ६४ वर पत्ता ५३२८०. कोण किती वेळ घेतो हे पट्ट्यांच्या जाडीवरून डोळ्यांना दिसतं. व्हाइस आणि फ्यूज या इम्युलेटरांत ब्रेकपॉइंट लावून स्टॅक पाहता येतो. खोट्या चौकटीतली चूक तिथे लगेच सापडते. पण इम्युलेटरवर समाधान मानू नका, शेवटी खऱ्या यंत्रावर तासभर चालवून बघा.

टेप किंवा डिस्क चालू असताना बाकीचे टास्क चालू राहतील का?

बहुतेक यंत्रांवर नाही. स्पेक्ट्रमचं रॉम टेप वाचताना इंटरप्ट बंद करून लूपच्या लांबीने वेळ मोजतं. अ‍ॅपलच्या डिस्क २ मध्ये दर ३२ सायकलला एक बाइट समोरून जातो आणि प्रोसेसरने तो तेव्हाच उचलायचा असतो. कमोडोरच्या १५४१ मध्ये स्वतःचा ६५०२ असल्याने ती थोडी सुसह्य आहे, तरी बाइटच्या देवाणघेवाणीत रॉम इंटरप्ट बंद करतंच. त्यामुळे सगळे टास्क आणि त्यांची माहिती आधी मेमरीत आणा आणि मग कर्नेल सुरू करा. मध्ये काही लिहायचं झालंच तर ते एकाच टास्कमधून, कर्नेलची टिक थांबवून, आणि लिहून झाल्यावर झोपलेल्या टास्कची काउंटरं दुरुस्त करून.